पाखाडीच्या तोंडाशी फियाट

जांभ्याची पायरी मध्यभागी झिजत नाही. ती झिजते गडग्याच्या, म्हणजे कडेच्या दगडी बांधाच्या बाजूला, कडेपासून वीतभर आत. कारण साधं आहे: उतरणारा माणूस आधारासाठी गडग्यावर हात ठेवतो, आणि जिथे हात तिथे पाय. आमच्या वाडीच्या पाखाडीला, म्हणजे उतारावरच्या पायऱ्यांच्या वाटेला, अशा रीतीने, तळाकडे तोंड करून उभं राहिलं तर डाव्या अंगाला, प्रत्येक पायरीवर बशीएवढा खळगा पडलेला आहे. पावसाळ्यात त्यात पाणी साठतं आणि बुलबुल येऊन आंघोळ करतात. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची तेव्हा घर्षणाचा धडा आला की मुलांना सांगायची, पुस्तक मिटा आणि आमची पाखाडी बघून या. कोणी यायचं नाही. पाखाडी तेव्हाच बंद होती.

बंद होती म्हणजे कुणी तिला कुलूप लावलं नव्हतं. तिच्या वरच्या तोंडाशी पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये माझ्या वडिलांची, अण्णांची फियाट उभी होती. अजून आहे. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे काही झालं त्यात ही बाब माझ्याखेरीज सर्वांना स्वच्छ दिसत होती.

गेल्या वर्षी शहरातले रस्ते नव्याने आखायचं घाटलं. चालणाऱ्याला, सायकलवाल्याला आणि बसने जाणाऱ्याला रस्ता परत मिळावा, असा त्यामागचा हेतू. मी हेतूच्या बाजूची आहे. आमच्या रत्नागिरीत रस्त्याच्या कडेने चालणं म्हणजे एक पाय गटाराच्या झाकणावर, दुसरा कुणाच्या तरी दुकानाच्या पायरीवर आणि कान मागून येणाऱ्या रिक्षावर. तर या कामासाठी ‘सुगम मार्ग कक्ष’ नावाची एक खोली उघडली आणि नागरिकांकडून सूचना मागवल्या. मी एका वाक्याची सूचना पाठवली: ‘आमच्या वाडीची पाखाडी पूर्ववत करावी.’ अर्ज जितका लांब तितकं तो न वाचायला कारण मोठं, एवढं एक मी नोकरीत शिकले होते. अर्ज फार आखूड असला तर तो वाचणारा उरलेलं स्वतःच्या मनाने भरतो, हे शिकायचं राहिलं होतं.

सूचना मी आईसाठी केली. आमचा बसथांबा घराच्या बरोबर खाली आहे. पडवीत बसलं की कंडक्टरची घंटी ऐकू येते. पण आईला त्या बसने जायचं असेल तर आधी रिक्षा करायची, वरच्या रस्त्याने देवळाला वळसा घालायचा, उतार उतरायचा आणि थांब्यावर यायचं. एवढं केल्यावर बसची गरजच उरत नाही. म्हणून आईने जाणं सोडलं. ती पडवीत बसते आणि शहर कानाने बघते. “आज ड्रायव्हर नवा दिसतोय, वळणावर घाबरला.” “मांडवीची गेली गो मालू, रिकामीच गेली.” दर संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर जाऊन वारा खाणारी बाई ती. आता मांडवीची बस रिकामी गेली की तिला वाईट वाटतं, जणू ती बस तिच्याच वाटणीची होती.

आणि एके काळी ती खरोखर तिच्या वाटणीची होती. सकाळी पाखाडीवरून आम्हा शाळेच्या पोरांची रांग उतरायची, खालून मासळीच्या टोपल्या चढायच्या, मध्ये कुठेतरी दोन्ही रांगा भेटायच्या आणि जिचं ओझं जास्त तिला गडग्याची बाजू मिळायची. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आमच्या वाडीत तो कुणी मोडल्याचं मला आठवत नाही. गणपतीत चाकरमानी ट्रंका डोक्यावर घेऊन वर यायचे, तेव्हा वाडीतलं जे पोर सर्वांत आधी ओरडेल त्याला पहिला पेढा. कंडक्टर थांब्यावरून वर बघायचा. पाखाडीच्या वळणावर आईच्या लुगड्याचा हिरवा रंग दिसला की त्याचा घंटीवरचा हात थांबायचा. वेळापत्रकात ही सोय नव्हती. आजकालच्या भाषेत तिला काय म्हणतात ते मला स्वरूपने सांगितलं, पण तो पुढे येईल.

मग वरचा रस्ता झाला आणि अण्णांनी फियाट घेतली. अण्णा बंदर खात्यात होते. गाडी एका डॉक्टरांची जुनी, दुधाच्या सायीच्या रंगाची. ती वाडीत आली तेव्हा लक्षात आलं, की तिला ठेवायला जागाच नाही. अंगणात नारळ, मागे विहीर. राहता राहिली पाखाडीच्या डोक्यावरची सपाट जागा, जी कागदोपत्री आमची आणि वहिवाटीने सर्वांची. तिथे शेड झाली. कुणी हरकत घेतली असेल असं वाटेल तुम्हाला. छे! वाडीनेच पत्रे खांद्यावरून आणले आणि वाडीनेच चढवले. अण्णांनी प्रत्येक घराला भाट्याच्या किनाऱ्यापर्यंत एक चक्कर कबूल केली होती, आणि ती त्यांनी दिलीही. रविवारी एक घर. आधी गाडी पुसायची, मग हॉर्न एकदाच वाजवायचा, आणि जो तयार नसेल त्याची पाळी पुढच्या रविवारी. वाडी गाडीत बसायला शिकली आणि पाखाडी हळूहळू विसरली. घाणेरीच्या झुडपांनी ती ताब्यात घेतली.

अण्णा गेल्याला एक तप झालं. गाडी आहे तिथेच आहे. “गाडीचं काय ते एकदा ठरवायला हवं,” हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलं गेलंय, की त्याला आता आरतीच्या शेवटच्या ओळीसारखी चाल लागली आहे. धाकटा भाऊ सुजय डोंबिवलीहून फोन करतो आणि म्हणतो, “घाई करू नकोस, जुन्या गाड्यांना पुढे मान येतो.” आई म्हणते, “मालूला विचारा.” मी म्हणते, “आईचं मन बघायला हवं.” इतकी वर्षं मी त्या गाडीत बसून पेपर तपासले. डावीकडच्या सीटवर. तिथे उन्हाळ्यातही गार असतं, रेक्झिन आणि नॅप्थॅलिनचा वास येतो, आणि उजव्या हाताला कुणीतरी बसलेलं आहे असं मानलं तर मानता येतं. विज्ञान शिकलेल्या बाईने हे लिहू नये, पण लिहिलं.

असो. सूचना पाठवल्यावर कक्षातून पाहणीला माणूस आला. पुण्याचा, तरुण, हातात टॅब, नाव स्वरूप. घामाने निथळत होता, पण बोलायला गोड.

“मॅडम, पाखाडी म्हणजे नक्की काय हो?”

मी त्याला शेड आणि गडगा यांच्यामधल्या फटीतून आडवं होऊन आत यायला सांगितलं. आमच्याकडे सध्या पाखाडीवर जायचा हाच मार्ग आहे. तो आला, घाणेरीत अडकला, सुटला, आणि पायऱ्या बघून मनापासून म्हणाला, “अरे वा! हे तर फार सुंदर आहे.”

तेवढ्यावर काम व्हायला हरकत नव्हती. पण टॅबमध्ये मार्गाचा प्रकार निवडावा लागत होता आणि त्या यादीत पाखाडी नव्हती.

“पाणंद लिहू का? पाणंद आहे यादीत.”

“पाणंद घाटावर,” गडग्यापलीकडून आवाज आला. “आमच्याकडे पाणंद नाही. उद्या पाणंद लिहाल आणि परवा बैलगाडीचा निधी येईल. काय समजलात?”

हे आमचे शेजारी अनिलराव पिलणकर. बँकेतून निवृत्त झाले आहेत. सल्ला देतात, आणि बँकेच्या सवयीने काही महिन्यांनी येऊन त्याचं काय झालं ते विचारतात.

“बरं, मग रुंदी सांगा,” स्वरूप म्हणाला. “रुंदीवरून तो आपोआप प्रकार सुचवतो.”

रुंदी मी आदल्या संध्याकाळी मोजून ठेवली होती. फितीने, तीन ठिकाणी, आणि सरासरी काढली होती. दुसरी एखादी बाई “असेल की दीडेक मीटर” म्हणाली असती आणि हे सगळं टळलं असतं. मी म्हटलं, “एक मीटर बासष्ट सेंटिमीटर.”

टॅबने ‘टिंग’ केलं.

“दीडच्या वर असेल तर तो सायकलमार्ग धरतो,” स्वरूप ओशाळून म्हणाला. “काळजी करू नका, ऑफिसात दुरुस्त करतो.”

त्याने दुरुस्त केलं असणार. पण दुरुस्ती एका फायलीत झाली आणि नकाशा दुसऱ्या फायलीतून छापला गेला. महिन्याभराने आराखडा लोकांना बघायला लावला तेव्हा आमच्या वाडीवर एक ठसठशीत हिरवी रेघ होती: ‘सायकलमार्ग क्र. ४’. रेघेच्या वरच्या टोकाला निळा चौकोन होता. बारकाईने वाचलं. ‘वाहनतळ (अस्तित्वात).’

“अण्णांची शेड सरकारी झाली,” असं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईने फक्त विचारलं, “बसथांबा दाखवलाय का?” दाखवला होता. “मग बरं आहे,” ती म्हणाली. तिच्या नकाशात थांबा बरोबर असला की बाकी शहर कुठेही असलेलं चालतं.

मी हरकत नोंदवायला गेले. कक्षातल्या गृहस्थांनी कागद वर-खाली बघितला.

“सूचना करणाऱ्या मालन शिवलकर आणि हरकत घेणाऱ्या मालन शिवलकर या एकच का?”

“हो.”

“मग बाई, आधी तुम्ही दोघी आपसात ठरवा ना.”

हे ते चेष्टेने म्हणाले नाहीत, म्हणून जास्त लागलं. पस्तीस वर्षांत वर्गातल्या शेवटच्या बाकानेही माझा असा निकाल लावला नव्हता. मी शांतपणे सांगितलं, की पायऱ्यांवरून सायकल चालत नाही, कारण चाकाची त्रिज्या आणि पायरीची उंची यांचं एक प्रमाण असावं लागतं. त्यांनी ते लिहून घेतलं. काय लिहिलं ते समोरून उलटं वाचता आलं: ‘पायऱ्या उंच असल्याची तक्रार.’

दरम्यान निळ्या चौकोनाचे परिणाम सुरू झाले. एका सकाळी फियाटच्या शेजारी एक स्कूटर आढळली. दुसऱ्या दिवशी दोन. एका सद्गृहस्थांनी मला हाक मारून सांगितलं, “मावशी, ही जुनी गाडी जरा मागे घ्या ना, सगळी जागा अडवलीये कुणीतरी.” कुणीतरी! मी म्हटलं, “मालकांना निरोप देते.” आणि आत येऊन पाणी प्यायले.

मग रंगारी आले. मी दुपारची झोपले होते, हा माझा गुन्हा. उठून बघते तर घाणेरी छाटलेली आणि पाखाडी हिरवीगार. तेही एक वेळ मान्य केलं असतं. पण ठरावीक अंतरावर सायकलचं चित्र काढायचा हुकूम होता आणि चित्राचा साचा सपाट रस्त्याचा होता. त्यामुळे पुढचं चाक एका पायरीवर, मागचं तीन पायऱ्या वर, आणि मधल्या पायऱ्यांच्या उभ्या अंगावर पेडल. खाली थांब्याजवळ पाटी: ‘सायकलस्वारांनी वेग आवरावा.’ बुलबुलांच्या बशाही हिरव्या झाल्या होत्या.

अनिलरावांना डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता. त्यांनी चिरंजीवांची सायकल बाहेर काढली, डोक्यावर शिरस्त्राण चढवलं आणि वाडीला जाहीर केलं, की सार्वजनिक सोय वापरली नाही तर ती बंद पडते. वापरायची कशी, ते मात्र फटीशी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं. आधी ते शिरले, मग सायकल ओढली. हँडल शेडच्या पन्हाळीत अडकलं. त्याच वेळी खालून गोदूबाई टोपली घेऊन वर आली. गोदूबाई आमची मासेवाली. तिची टोपली त्या फटीतून कधीच जात नाही, त्यामुळे तिच्या सासूने आमच्या ओटीवर बसून मासे मांडले असले तरी गोदूबाई वर्षानुवर्षं घाणेरीतून वाट काढत येऊन फटीपलीकडूनच हाक मारते, आणि आमच्यासाठीचे बांगडे हातोहात फटीतून येतात.

“ओ सायब! सरका.”

“सरकता येत नाही गोदूबाई. सायकल अडकलीय.”

“सायकल अडाकली का तुमी अडाकलाव?”

“दोघंही,” अनिलराव प्रामाणिकपणे म्हणाले.

“मग मी काय बांगडं घेवन हितंच हुबी ऱ्हाव? बर्फ इतळतोय माजा!” आणि मग तिने शेडच्या पत्र्यावर थाप मारून मला हाक दिली. “मालनबाय! तुज्या बापाशीन मला भाट्यापातुर नेलान, त्येचे उपकार हायत. नवी नवरी व्हती मी. पन एका चकरंपायी जलमभर फटीतना मासं इकतंय गो! काड ती गाडी आता!”

मी फटीच्या या बाजूने म्हटलं, “बघू या.”

“तुजा ‘बघू या’ आनि आमच्या जाळीवाल्या पागाऱ्याचा ‘उद्या जाव’ सारकाच. म्हावरा येत नाय.”

शेवटी सायकल मागे ओढता येईना, म्हणून अनिलरावांनी ती पुढे खेचली, खांद्यावर घेतली आणि गडग्याला हात लावत एकेक पायरी उतरले. सायकलमार्गावर त्या दिवशी माणूस सायकलवर नव्हता, सायकल माणसावर होती. थांब्यावर कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो गावभर फोनाफोनांत फिरला. खाली मजकूर: ‘शहरातील पहिला उतरता सायकलमार्ग. संकल्पना: प्रा. मालन शिवलकर.’ माझे जुने विद्यार्थी भाजी बाजारात नमस्कार करून गालात हसायला लागले. एकाने विचारलं, “मॅडम, घर्षणाचा धडा का?” मी म्हटलं, “गुरुत्वाकर्षणाचा.” आणि कोथिंबीर न घेताच परतले.

स्वरूप धावत आला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पायरीवर बसून त्याने हिरवा रंग नखाने खरवडून बघितला. मग चार दिवस वाडीत येऊन त्याने वाट नव्याने आखली. सायकल गेली, पाटी गेली. कागदावर पहिल्यांदाच ‘पाखाडी’ हा शब्द आला, तोही बरोबर लिहिलेला. वळणावर बसायला कट्टा, उजव्या अंगाला कठडा, पायऱ्यांची उंची वयस्कांना झेपेल अशी मधल्या चिऱ्याने विभागलेली. खळगे तसेच ठेवायचे. मी सांगितलेली कंडक्टरची गोष्ट त्याने ऐकली आणि त्याचं एक लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं. तसं करायला म्हणे परदेशात यंत्रं बसवतात. आईने विचारलं, “यंत्राला लुगडं दिसतं का रे?” तो म्हणाला, “नाही हो आजी.” “मग काय उपयोग!”

एक अट होती. ती तो माझ्याकडे न बघता, चहाच्या कपाला म्हणाला.

“वरचं तोंड मोकळं लागेल. नाहीतर मंजूर होणार नाही. जागा तुमची आहे, जबरदस्ती नाही. पण पावसाआधी काम धरायचंय.”

“विचार करून सांगते,” मी म्हटलं.

“आजी?”

“मालूला विचार,” आई म्हणाली.

बातमी वाडीत गेली आणि सल्ले आले. गाडीत माती भरून मोगरा लावा. गाडी क्रेनने उचलून गच्चीवर ठेवा. (आमचं घर कौलारू आहे.) गाडीसमोर उभं राहून फोटो काढायला लोक येतील, नारळपाण्याची गाडी लावा. सुजय म्हणाला, “इकडे आणली असती, पण सोसायटीत माझ्याच गाडीला जागा नाही.” अनिलरावांचं म्हणणं, की आधी चालू करून बघा, चालली तर दिवसा कुठेही उभी करता येईल आणि प्रश्नच मिटेल. मला ते पटलं. निर्णय टाळायला मदत करणारा कुठलाही सल्ला मला त्या दिवसांत पटत होता.

बॅटरी आणली. अनिलराव बॉनेटमध्ये डोकं घालून बसले, मी उजवीकडे. अण्णांच्या जागेवर पहिल्यांदाच. किल्ली फिरवली. इंजिनाने काहीच केलं नाही, पण हॉर्न वाजला. आणि वाजतच राहिला. मी स्टिअरिंग सोडलं, दार उघडलं, किल्ली काढली; हॉर्न आपला चालू. वाडीतले कुत्रे, मग माणसं, मग खालून थांब्यावरच्या बसने दोनदा उत्तर दिलं. अनिलराव ओरडत होते, “तार! लाल तार!” तिथल्या सगळ्या तारा काळ्या होत्या. शेवटी त्यांनी बॅटरीच उपटली.

शांत झालं तेव्हा मी वळून बघितलं. शेडच्या दारात आई उभी होती. केस विंचरलेले, हातात पर्स, पायात चपला.

“कुठे निघालीस?” मी विचारलं.

आईने स्वतःच्या हातातल्या पर्सकडे बघितलं. “कुठे नाही,” ती म्हणाली. “हॉर्न ऐकला आणि गॅस बंद केला. ते थांबत नाहीत ना जास्त वेळ.” मग जरा हसली. “आमटी अर्धीकच्ची राहिली बघ.”

त्या रात्री आम्ही अर्धीकच्ची आमटी जेवलो. गाडीचं काय ते एकदा ठरवायला हवं, असं दोघींपैकी कुणीच म्हटलं नाही.

काम खालच्या टोकापासून धरायचं ठरलं. वरचं तोंड तूर्त अनिर्णित, असं स्वरूपने कसंबसं वरिष्ठांच्या गळी उतरवलं. गवंडी आले, चिरे आले. आणि गवंड्यांनी हत्यारं खाली ठेवली. पाखाडीच्या पायथ्याशी, बसथांब्याच्या मागे, आमचा चव्हाटा आहे: तीन वाटा मिळतात तिथला शेंदूर नसलेला एक उभा दगड. वाटेचा मालक तो. त्याला नारळ दिल्याशिवाय, गाऱ्हाणं घातल्याशिवाय, म्हणजे सगळ्यांदेखत देवाला साकडं घातल्याशिवाय, वाटेचा चिरा हलवायचा नाही, असं सगळ्यांचं एकमत. स्वरूपने मला हळूच विचारलं, “याची वेगळी परवानगी लागते का?” मी म्हटलं, “हीच खरी परवानगी. बाकीच्या नकला.”

गाऱ्हाणं घालायचा मान दादू गावकरचा. दादू ऐंशीच्या घरातला, आवाज मात्र भोंग्याला लाजवणारा. सगळी वाडी जमली. गोदूबाई टोपली बाजूला ठेवून डोक्यावर पदर घेऊन उभी. अनिलराव सदऱ्यात. आईला मी रिक्षाने वळसा घालून आणलं होतं. ती थांब्याच्या बाकावर बसली, कितीतरी महिन्यांनी. मांडवीची बस आली, आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गाऱ्हाणं चालू असताना कसं निघायचं?

दादूने नारळ दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले.

“बा देवा म्हाराजा! वाटेच्या धन्या! आज ही समस्त वाडी तुज्या पायाशी जमली हाय...”

“व्हय म्हाराजा!” वाडी म्हणाली. बसमधूनही काही जण म्हणाले.

“ही जुनी पाखाडी पयल्यासारी मोकळी व्हायाची हाय. चढनाऱ्याचा दम ऱ्हाव दे, उतरनाऱ्याचा पाय ऱ्हाव दे, मासळीवालीची टोपली डोक्यावर ऱ्हाव दे...”

“व्हय म्हाराजा!” गोदूबाई सर्वांच्या वर.

“ह्यो पुन्याचा पोरगा कागूद घेवन आलाय, त्येची अक्कल जाग्यावर ऱ्हाव दे...”

“व्हय म्हाराजा!” स्वरूपही म्हणाला.

“आनि वयल्या तोंडाशी शिवलकरांची गाडी हाय, ती...”

दादू थांबला. एक डोळा उघडून त्याने माझ्याकडे बघितलं.

“बाय, गाडीचा काय सांगू?”

“त्याचं... अजून ठरलेलं नाही, दादूकाका. नंतर कळवतो म्हणावं.”

“नंतर?” दादूने दुसराही डोळा उघडला. “देवाला नंतर नस्ता गो. त्येच्यापुढं मोगम बोलाचा नाय. कोन, काय, खयसून, कुटं. धा वरसांमागं इहिरीचा गाऱ्हाना मोगम घातलान, तर पानी शेजाऱ्याच्या इहिरीत गेला.”

घरची गोष्ट चव्हाट्यावर येणं, हा वाक्प्रचार मी मराठीच्या पेपरात गाळलेल्या जागी भरला होता. तो भरून पूर्ण मार्क मिळाले होते. पण त्याचा अर्थ त्या दिवशी कळला: बसचे प्रवासी खिडक्यांतून बघत होते, बर्फ वितळत होता, आणि दादूच्या हातातला नारळ अधांतरी होता.

मी आईकडे गेले. “आई, तू सांग. तुझा जीव त्या गाडीत...”

“माझा?” आई मोठ्याने म्हणाली, तिला हळू बोलता येत नाही. “माझा जीव गुडघ्यात अडकलाय, गाडीत कशाला अडकेल? मी तुझ्यासाठी गप्प बसले होते. पेपर घेऊन जाऊन बसतेस तिच्यात. मला वाटायचं, एवढं एकच ठिकाण आहे हिला, तेही काढून घ्यायचं का?”

“आणि मी तुझ्यासाठी...”

“मग दोघी मूर्ख,” आई म्हणाली.

बसमध्ये कुणीतरी हसलं. मी वर बघितलं. थांब्यावरून पाखाडीचं वळण दिसतं, आणि वळणाच्या वर शेडचा पत्रा. तिथून कधीकाळी हिरवं लुगडं उतरायचं आणि घंटीवरचा हात थांबायचा. आणि तिथेच रविवारी सकाळी, फक्त एकदा, हॉर्न वाजायचा. दोन आठवणी होत्या, आणि एक दुसरीच्या वाटेत उभी होती. दोन्ही उजव्या-डाव्या बाजूला सरकून एकमेकींना जागा करून देतील इतकी ती वाट रुंद नव्हती. एक मीटर बासष्ट सेंटिमीटर.

अण्णांना तिष्ठत राहणारी माणसं आवडायची नाहीत. जो तयार नसेल त्याला सोडून ते निघायचे.

मी दादूच्या शेजारी जाऊन उभी राहिले, चव्हाट्याच्या दगडाकडे तोंड करून, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हटलं, “सांगा दादूकाका. गाडी काढायची. शेड उतरवायची. शिवलकरांच्या घरची वाट आजपासून सगळ्यांना मोकळी.”

वाडीने श्वास घेतला. पण सगळ्यांच्या आधी, थांब्याच्या बाकावरून, आईचा आवाज आला:

“व्हय म्हाराजा!”